विश्लेषण : बायकांनी बायकांना शिकवलेली शेती... धाराशिवचा ‘एक एकर’ प्रयोग काय सांगतो?

धाराशिव जिल्ह्यात मृगाच्या तोंडावर चर्चा सुरू होते ती सोयाबीनची. बियाणे कुठल्या वाणाचे, पिशवी कितीला, यंदा भाव किती मिळणार, याभोवतीच घरातले बोलणे फिरते. त्याच घरात मेथीची जुडी, वांगी आणि कोथिंबीर मात्र आठवडी बाजारातून विकत येते आणि हात आखडला की तीही येत नाही. शेत असूनही ताटात भाजी नाही, या विसंगतीवर गावातल्याच महिलांनी उत्तर शोधले. कुटुंबाच्या शेतातला एक एकर मागून घ्यायचा, त्यात आधी घरासाठी पिकवायचे आणि जमले की शेजारणीला शिकवायचे. या शिकवण्याला ना वर्गखोली ना प्रमाणपत्र. तरीही हा प्रयोग जिल्ह्याबाहेर गेला आणि संयुक्त राष्ट्रांपर्यंत पोहोचला. तो कसा उभा राहिला, त्यात स्वयंसेवेचा वाटा किती आणि अडते कुठे, याविषयी...

‘एक एकर’ प्रयोग नेमका काय?

कुटुंबाच्या शेतीतला अर्धा ते एक एकर, म्हणजे २० ते ४० गुंठ्यांचा तुकडा घरातल्या बाईकडे सोपवायचा. त्यात काय पेरायचे, किती घरात ठेवायचे आणि किती विकायचे, हे तिने ठरवायचे. एकाच नगदी पिकाऐवजी कडधान्य, तृणधान्य, तेलबिया आणि भाजीपाला असे अनेक जिन्नस मिसळून घ्यायचे. खरिपात मूग, उडीद, तूर, बाजरी, तीळ. रब्बीत ज्वारी, हरभरा, जवस. आणि दोन्ही हंगामांत गवार, भेंडी, वांगी, दोडका, मेथी, शेपू, पालक. रासायनिक खते आणि फवारण्यांचा खर्च टाळायचा, पाणी काटकसरीने वापरायचे.

एका एकराने कुटुंब श्रीमंत होत नाही आणि तसा या प्रयोगाचा दावाही नाही. हिशेब वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार माणसाला दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे लागतात. पाच जणांच्या घराला म्हणजे दिवसाला दोन किलो, महिन्याला ६० किलो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात एवढी भाजी विकत येणे कठीण. ती घरच्या वाफ्यातून आली, तर पैसे वाचतात आणि ताटही भरते. राज्यात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले आहे. त्यामुळे हा प्रश्न जितका शेतीचा, तितकाच आरोग्याचा आहे.

याची सुरुवात कुठून झाली?

सुरुवात शेतीपासून झालीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावेच्या गावे जमीनदोस्त केली. अधिकृत आकड्यांनुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्यात काही गावे नव्याने वसवायची होती, तर बाराशेहून अधिक गावांत पडझड झालेल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. पैसे आणि आराखडे सरकारचे असले, तरी घर कसे बांधले म्हणजे ते पुन्हा पडणार नाही, हे दारोदारी जाऊन कोण सांगणार, हा प्रश्न होता.

लोकसहभागाची ही जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे आली. संस्थेने त्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकाच पुढे केल्या. त्यांना ‘संवाद सहायक’ म्हटले गेले. कोपऱ्यात लोखंडी पट्टी का हवी, जड माळवदाचा धोका काय, अनुदानाचा हप्ता कुठे अडला, हे त्या समजून घेत आणि घराघरांत समजावत. अनेकींसाठी उंबऱ्याबाहेरचे हे पहिलेच सार्वजनिक काम होते. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या महिला तिथे गेल्या आणि आपण काय शिकलो ते तिथल्या महिलांना सांगून आल्या. भाषा वेगळी होती, पण पडलेले घर सारखेच होते. ‘ज्या बाईने स्वतः करून पाहिले, तिनेच दुसरीला शिकवायचे’ ही रीत तेव्हा पक्की झाली. पुढे बचत गट, आरोग्य, पाणी आणि शेवटी शेती अशी ती एकेका विषयाला लागू होत गेली.

मग शेतीकडे वळण्याचे कारण काय?

कारण दुष्काळ. २०१२ पासून चार वर्षांत मराठवाड्याने तीन मोठे दुष्काळ पाहिले. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. धाराशिव जिल्हा बालाघाटच्या रांगांवर वसलेला. तेरणा, मांजरा या नद्या इथल्या असल्या, तरी त्यांत बारमाही पाणी नाही. अशा ठिकाणी बरेचसे रान सोयाबीन, ऊस अशा नगदी पिकांखाली गेले होते. पीक बुडाले की पैसे बुडायचे आणि पैसे बुडाले की धान्य-भाजीही बंद व्हायची. पूर्वी खरिपाच्या मुख्य पिकात बायका चार ओळी मूग-मटकीच्या, बांधाला अंबाडी आणि तीळ असे काही ना काही टाकत. सलग सोयाबीनमध्ये ती जागा उरली नाही.

बचत गटांच्या बैठकांत महिला हेच बोलत होत्या. शेतात सर्वाधिक राबायचे त्यांनी, पण पिकाचा निर्णय त्यांचा नाही. बियाण्यासाठी कर्ज काढले तर ते फेडण्याची चिंता मात्र घराची. यातून ‘निदान एक एकर आमच्या म्हणण्याप्रमाणे करू द्या’ ही मागणी पुढे आली. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोरा गावच्या गोदावरी डांगे या चळवळीतले ठळक नाव. कमी वयात लग्न, लहान वयातच वैधव्य, पदरात दोन मुले, अशा अवस्थेत त्या बचत गटात आल्या. पुढे सेंद्रिय शेती शिकल्या, शिकवू लागल्या आणि महिलांच्या संघटनेचे नेतृत्व करू लागल्या. त्यांच्या आयुष्यावर चित्रकथाही प्रसिद्ध झाली आहे.

‘स्वयं शिक्षण प्रयोग’ला या कामासाठी २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर पुरस्कार’ मिळाला. या पुरस्काराच्या नोंदीनुसार तोपर्यंत संस्थेच्या कामातून राज्यात ५,४७५ बचत गट आणि ७२ हजार महिला जोडल्या गेल्या होत्या. गोपालन यांचे २०२२ मध्ये निधन झाले. गावातल्या बायकांनी एकमेकींना शिकवण्याची रीत त्यांच्यानंतरही टिकून आहे.

शिकवणारी काय शिकवते आणि कसे?

पहिला धडा शिकवणारीच्या स्वतःच्या शेतात असतो. तिथे जमले नसेल, तर तिचे कुणी ऐकत नाही. म्हणून आधी तिने एक-दोन हंगाम स्वतः करायचे आणि मग पाच-दहा जणींना रानात बोलवायचे. सांगण्यासारख्या गोष्टी साध्या असतात, पण हाताने केल्याशिवाय त्या येत नाहीत.

बियाण्याची उगवण तपासणे ही त्यातली पहिली. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने ठेवायचे, गुंडाळी करून सावलीत ओलसर राखायची आणि आठवडाभराने किती मोड आले ते मोजायचे. सोयाबीनला ७० किंवा अधिक दाणे उगवले, तर बियाणे पेरणीयोग्य. २०२० च्या खरिपात विकतचे सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींनी मराठवाडा हादरला होता. त्यानंतर या गोणपाटाच्या चाचणीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट जीवामृताची. एका एकरासाठी २०० लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती मिसळून दोन-तीन दिवस सावलीत ठेवायचे आणि रोज ढवळायचे. किडीसाठी निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, गाळून १०० लिटर पाणी करायचे. निंबोळ्या उन्हाळ्याच्या अखेरीस वेचून, वाळवून ठेवल्या तरच त्या पावसाळ्यात हाताशी असतात. ज्यांच्या दारात उस्मानाबादी शेळ्या आहेत, त्यांना लेंडीखत घरचेच. सोयाबीनचे भुसकट जाळण्याऐवजी वाफ्यावर पसरले, तर ओल टिकते. भांडी-अंघोळीचे सांडपाणी पाटाने परसात काढले, तर विहीर आटली तरी दोन वाफे जगतात.

पिकांचा क्रम हाही अनुभवाचा धडा. मेथी-पालक २५ ते ३० दिवसांत हाती येतात, भेंडी-गवारीला दीड ते दोन महिने लागतात, वांग्याला त्याहून जास्त आणि शेवग्याला तर कित्येक महिने. नवशिकीने पहिल्यांदा पालेभाजी लावावी, असे जाणत्या बायका सांगतात ते उगाच नाही. महिन्याभरात ताटात भाजी पडली की घरातल्यांचा विरोध निम्मा होतो. वाफे एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांच्या टप्प्याने पेरले, तर एका आठवड्यात ढीग आणि पुढचे तीन आठवडे काहीच नाही, असे होत नाही.

ही पद्धत फक्त धाराशिवची आहे का?

नाही. ग्वाटेमालासह मध्य अमेरिकेत १९७० च्या दशकापासून ‘शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे’ ही चळवळ वाढली आणि पुढे क्युबात पसरली. इंडोनेशियात १९८९ मध्ये भातावरील किडींच्या नियंत्रणासाठी शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकऱ्यांनी हंगामभर ठरावीक दिवशी रानात जमायचे, कीड मोजायची आणि मगच निर्णय घ्यायचा, अशी ती पद्धत. महाराष्ट्रात कृषी विभागाच्या शेतीशाळा याच धर्तीवर चालतात.

महिलांच्या हातात शेतीचा तुकडा देण्याची कल्पनाही राज्याला नवी नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने बायकोच्या नावावर जमीन करण्यासाठी ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रम राबवला आणि त्या जमिनीवर कमी खर्चाची ‘सीताशेती’ करण्याचा विचार मांडला. धाराशिवच्या प्रयोगात जमीन नावावर होण्याची अट नाही. त्यामुळे तो अधिक घरांत शिरला, पण तिथेच त्याची दुखरी नसही आहे.

जमिनीचा प्रश्न अडचणीचा का?

‘एक एकर देतो’ म्हणणे आणि सातबाऱ्यावर नाव लावणे यांत मोठे अंतर आहे. घरातून मिळणारा तुकडा अनेकदा बांधाकडेचा, खडकाळ किंवा वर्षानुवर्षे पडीक असतो. बाईने दोन-तीन वर्षे खत-माती घालून तो सुधारला की ‘आता तिथेही सोयाबीन करू’ असा सूर निघू शकतो. निर्णय तिच्याकडे असतो तो घरच्यांच्या राजीखुशीपुरता.

देशात २०१५-१६ च्या कृषीगणनेनुसार शेतजमीन कसणाऱ्या खातेदारांमध्ये महिलांचे प्रमाण जेमतेम १४ टक्के होते. सातबाऱ्यावर नाव नसले की पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई, ठिबकचे अनुदान अशा बहुतेक दारांवर अडते. म्हणजे जिने शेती सुधारली आणि इतर दहा जणींना शिकवली, ती सरकारी कागदावर शेतकरी नसू शकते. शिकवणाऱ्या महिलांच्या बैठकांत जीवामृताइतकीच चर्चा सातबाऱ्याचीही व्हावी लागते, ती यामुळे. पतीच्या हयातीत सहहिस्सेदार म्हणून नाव लावता येते, वारसा हक्काने मुलीचाही वाटा असतो, हे सांगणारी बाई गावात असणे हाही प्रशिक्षणाचा भाग आहे.

शिकवणारीच्या वेळेचे मोल कोण देते?

शेजारणीला शिकवणे हे ‘सेवा’ म्हणून गौरवले जाते. पण हंगामात शेजारच्या गावी जाऊन एक दिवस शिकवायचे, म्हणजे त्या दिवसाची स्वतःची खुरपणी राहते किंवा रोजंदारी बुडते. एसटीचे तिकीट, मोबाइलचा रिचार्ज हा खर्च वेगळा. घरचे काम तर कुणी कमी करत नाही. शहरातला स्वयंसेवक रविवारचा मोकळा वेळ देतो. खेड्यातली बाई तिच्या कामाचा वेळ देते. दोघांनाही ‘स्वयंसेवक’ म्हटले तरी त्याची किंमत सारखी नसते.

बिनमोबदल्याच्या कामाचे काही फायदे खरे आहेत. शिकवणारी आपल्यातलीच वाटते, तिचा कुठल्या कंपनीच्या बियाण्यात हितसंबंध नसतो आणि चूक झाली तर ती उद्याही त्याच गल्लीत भेटते. पण मोबदला नसला की हे काम ज्यांना परवडते त्यांच्याकडेच जाते आणि भूमिहीन, मजुरी करणाऱ्या बायका मागे राहतात, हा धोकाही तितकाच खरा.

सरकारी योजनांत आता हे काम मोबदल्याच्या दिशेने सरकते आहे. राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान म्हणजे ‘उमेद’मध्ये कृषी सखी, पशू सखी नेमल्या जातात. केंद्राच्या कृषी आणि ग्रामविकास मंत्रालयांनी ऑगस्ट २०२३ मध्ये कृषी सखींच्या प्रशिक्षणासाठी करार केला. पहिल्या टप्प्यातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र आहे. माती तपासणी, बीज प्रक्रिया, शेतीशाळा अशा कामांतून कृषी सखीला वर्षाला सरासरी ६० ते ८० हजार रुपये मिळू शकतात, असे केंद्राचे म्हणणे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानातही ३० हजार कृषी सखींची तरतूद आहे. गावोगावच्या बायकांनी वर्षानुवर्षे केलेल्या कामाला मिळालेली ही उशिराची दाद म्हणता येईल. मात्र मानधन वेळेवर मिळते का आणि उद्दिष्टाचे रकाने भरण्यात शेतातला वेळ जातो का, यावर त्याचे यश ठरेल.

शाळांच्या परसबागांचे काय?

ज्यांच्याकडे शेतच नाही, त्यांच्या मुलांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग शाळेतून जातो. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी अपेक्षित आहे. शाळेच्या आवारात परसबाग करून ती भाजी आहारात वापरावी, अशा केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१९ पासून आहेत. शंभर मुलांच्या प्राथमिक शाळेला रोज पाच किलो भाजी लागते. छोटी बाग ती सगळी पुरवू शकत नाही, पण कढीपत्ता, शेवगा, पालक आणि कोथिंबीर यांची भर नक्की घालू शकते.

परसबाग लावण्याचा उत्साह जून-जुलैत असतो. खरी परीक्षा दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत होते. शिक्षक गावी, मुले घरी आणि पाण्याची टाकी रिकामी. सलग दोन आठवडे पाणी नाही मिळाले की वर्षभराची मेहनत वाळून जाते. म्हणून सुट्टीतल्या पाण्याची पाळी आधी ठरवलेली शाळा आणि न ठरवलेली शाळा यांच्या बागांत फरक दिसतो. बचत गटातली एखादी मावशी, शाळेत स्वयंपाक करणारी ताई, निवृत्त आजोबा यांच्यावर ही बाग तगते.

बाहेरच्यांना यात सहभागी कसे होता येईल?

तुळजापुरात कृषी विज्ञान केंद्र आहे आणि टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर १९८६ पासून तिथे आहे. शेतीचे विद्यार्थी, समाजकार्याचे विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी, पुण्या-मुंबईत गेलेले गावकरी अशा अनेकांना काही करावेसे वाटते. पण एका दिवसात शंभर रोपे लावून, फोटो काढून परतण्याचा उपयोग नसतो. यायचे तर एका हंगामासाठी यावे. पहिला महिना शिकवण्यापेक्षा पाहण्यात घालवावा. इथल्या मातीत काय येते, हे गावातल्या बायकांना बाहेरच्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

त्यांना जे कमी पडते, तिथे हात द्यावा. माती परीक्षणाचा अहवाल वाचून दाखवणे, किती पिकले आणि किती वाचले याची वही ठेवणे, ठिबक किंवा शेडनेटच्या अनुदानाचा ऑनलाइन अर्ज भरणे, सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी तलाठी कार्यालयात सोबत जाणे, हे त्यातले काही. शाळेच्या बागेसाठी सुट्टीतले आठवडे वाटून घेणे हे तर कुणालाही जमण्यासारखे काम.

मर्यादा कोणत्या?

विहीर-बोअर पूर्ण आटल्यावर सांडपाण्यावर दोन वाफे जगतात, एक एकर नाही. सलग दोन वर्षे पाऊस गेला, तर हा प्रयोगही कोलमडतो. हरणे आणि रानडुकरे एका रात्रीत वाफे उद्ध्वस्त करतात आणि कुंपणाचा खर्च बचत गटाच्या आवाक्यात नसतो. जास्तीची भाजी विकायची, तर सेंद्रिय म्हणून गावच्या बाजारात वेगळा भाव मिळेलच असे नाही. शिवाय खुरपणी, जीवामृत, वेचणी ही सगळी कामे बाईच्याच अंगावर पडतात. घरातल्या पुरुषांनी वाटा उचलला नाही, तर ‘सक्षमीकरण’ म्हणजे आणखी चार तास काम, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

धाराशिव २०१८ पासून देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आरोग्य, पोषण, शेती अशा निकषांवर त्याची प्रगती मोजली जाते. शिकवणारी बाई या सगळ्यात आधीपासून होती. भूकंपाच्या वेळी घर कसे बांधायचे ते तिने सांगितले, दुष्काळात काय पेरायचे तेही तिनेच सांगितले. आता तिच्या पद्धतीला सरकारी योजनेत जागा मिळते आहे. तिच्या वेळेला मोबदला आणि तिच्या एकराला सातबाऱ्यावर नाव मिळाले, तर हा प्रयोग पुढच्या दुष्काळातही टिकेल. नाही तर तो नेहमीप्रमाणे तिच्या हौसेवर आणि घरच्यांच्या मर्जीवर चालत राहील.